गिरणीवाल्या केसरबाईंचा पाव्हणा

घाटनांदूरला स्टेशनाकडून गावात येताना डाव्या हाताला पिठाची गिरणी लागते. नवख्या माणसाला पत्ता सांगताना आम्ही एवढंच सांगतो, की मोठा आवाज येईल तिथं थांबा. माणूस बरोबर पोचतो. त्याला वाटत असतं आवाज गिरणीचा असेल. पाहतो तर तो केसरबाईंचा असतो.

केसरबाई आता अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. नवरा हनुमानराव वारले तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि मुलगा सुरज चार वर्षांचा. दिरांनी गिरणी विकून टाकायचा विषय काढला. बाईंनी तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचला, मोटरीचा पट्टा चढवला आणि बटण दाबलं. तेव्हापासून अर्ध्या गावाची ज्वारी, बाजरी, गहू त्यांच्या हातून पीठ होऊन घरी जातं. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते. गावोगावी हे काम पुरुषच करतात. केसरबाई स्वतः मांडी घालून बसतात आणि छिन्नी-हातोडीनं दगडाला चरे पाडतात, एकसारखे, रांगोळी काढावी तसे.

अठ्ठावीस वर्षं गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलत राहिल्यामुळे तोच आवाज त्यांच्या अंगवळणी पडला होता. देवळात त्या शेजारणीच्या कानात काही बोलल्या की उत्तर गाभाऱ्यातून पुजारी द्यायचा. सुरज चाकणच्या कंपनीत लागल्यावर आईचा फोन आला की मोबाईल कानापासून वीतभर लांब धरायचा, आणि तरी शेजारच्या मशीनवरच्या पोरांना कळायचं की गावाकडं पाऊस झाला का नाही. एका निवडणुकीत पारावर उमेदवाराची सभा चालू असताना माईक बंद पडला. कुणीतरी गमतीनं केसरबाईंना बोलवायला आलं. "मला माझं दळण हाय, त्याचं भाषण मी कावून करू?" असं त्यांनी गिरणीतून त्याला सांगितलं, आणि ते सगळ्या सभेला स्पष्ट ऐकू गेलं.

स्वभावानं बाई मऊ. दळण घ्यायला कुणी म्हातारं आलं तर डबा स्वतः त्याच्या घरी पोचवतील. पण मऊपणा कळायला माणूस त्यांच्या जवळ जावा लागतो, आणि आवाजामुळे माणसं चार हात लांबच उभी राहायची.

सून वैष्णवी त्यातलीच. ती बीडची. वडील कोर्टात कारकून, घर शांत, सगळे हळू बोलणारे. सुरजला चाकणला धड खोली मिळेपर्यंत तिनं सासूजवळ राहावं असं लग्नातच ठरलं होतं, आणि धड खोली काही मिळत नव्हती. त्यामुळे दोन वर्षं ती घाटनांदुरात, घराच्या अगदी मागच्या खोलीत शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत बसायची. सासू-सुनेत भांडण नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं. वैष्णवी वेळेवर सगळं करायची आणि खोलीत निघून जायची.

गेल्याच्या आधीच्या माघातली गोष्ट. लाइनीच्या दुरुस्तीसाठी सकाळपासून वीज बंद होती. गिरणी थांबलेली, दळणाच्या बाया ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या. अशा शांततेत केसरबाईंना एक किंकाळी ऐकू आली. थोड्या वेळानं पुन्हा. गल्लीत पलीकडं सुग्रीव मुळे यांचं घर आहे. ते स्वतः बीडला राहतात आणि घर भाड्यानं देतात. तिथं बियाणांच्या एका कंपनीचा माणूस राहत होता. त्याची विदर्भात बदली झाली आणि तीन दिवसांपूर्वी तो सामान भरून गेला होता. घराला कुलूप होतं, आणि आवाज आतून येत होता.

गिरणीतली शिडी काढून केसरबाई कुंपणाच्या भिंतीवर चढल्या. दोघी बायांनी खालून शिडी धरली. मागच्या पडवीत छताच्या हुकाला एक पिंजरा टांगलेला होता. पिंजरा कसला, मसाल्याच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. त्यात एक पोपट भिंतीकडं तोंड करून बसला होता. पाण्याची वाटी कोरडी, खाली दोन वाळलेल्या मिरच्या.

बाईंनी भिंतीवरूनच सुग्रीवरावांना फोन लावला. त्यांनी कुलूप तोडा म्हणून लगेच सांगितलं. मग त्यांच्याकडून नंबर घेऊन भाडेकरूला लावला. तो मोठा अदबीनं बोलला. गडबडीत राहून गेलं, एकाला सांगून ठेवलंय, तो येऊन घेऊन जाईल, उद्या नक्की.

"उद्या न्हाई," केसरबाई म्हणाल्या. "मी आत्ताच न्यायलेय." आणि फोन ठेवला.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जिनत शेख नावाच्या तरुण डॉक्टर आहेत, आंबाजोगाईच्या. दिवसभर म्हशी, बैल आणि शेळ्या तपासणाऱ्या. पीठ माखलेली बाई पिंजरा घेऊन आली तेव्हा त्यांनी एका गाभण गाईला बाजूला थांबवून पोपट आधी घेतला. फडक्यात धरून नीट पाहिला. दोन्ही पंखांची लांब पिसं कात्रीनं कापलेली होती. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटून टाकली होती. तिथं नुसती गुलाबी कातडी दिसत होती. नखं वाढून वाकडी झालेली. वय साधारण दोन वर्षं, कारण गळ्यावर कंठ अजून फुटलेला नव्हता. नर की मादी हे कंठ फुटला तरच कळेल.

मग डॉक्टरांनी बाईंना समोर बसवून सांगितलं, की हा काही पाळायचा पक्षी नाही. आपल्याच रानातला पोपट आहे. त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

केसरबाई दचकल्या. आपण आणलाय म्हणजे आपणही गुन्हेगार का, असं त्यांनी विचारलं, आणि बाहेरची गाय बुजली.

"तुम्ही वाचवलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पण वन खात्याला आजच्या आज कळवायचं. मी फोन करते."

संध्याकाळपर्यंत वनरक्षक अभिमन्यू फड मोटारसायकलवर आले. पंचनामा केला, फोटो काढले. एरवी असा पक्षी लांबच्या केंद्रात पाठवतात. पण डॉक्टरांनी लिहून दिलं की पक्षी अशक्त आहे, प्रवास सोसणार नाही. वरिष्ठांना विचारून अभिमन्यूंनी कागद केला: उडण्याजोगा होईपर्यंत तात्पुरती देखभाल श्रीमती केसरबाई यांच्याकडे, तपासणी डॉक्टरांकडे, त्यानंतर मोकळं सोडायचं. कापलेली पिसं अशी वाढत नाहीत; जुनी गळून नवी यावी लागतात, त्याला आठ-दहा महिने लागतील, हेही सांगितलं. नाव ठेवू नका, लळा लावू नका, बोलायला शिकवू नका. केसरबाईंनी सगळ्याला हो म्हटलं. जाणारच आहे तर नाव कशाला, म्हणून त्या त्याला पाव्हणा म्हणू लागल्या, आणि तेच त्याचं नाव झालं.

डॉक्टरांची यादी मोठी होती. चहात बुडवलेली भाकरी बंद. मीठ, तेल, बिस्किट बंद. पेरू, ओला हरभरा, भिजवलेली मटकी, शेवग्याचा पाला, बाजरीचं कणीस द्यायचं. बसायला जाड-बारीक फांद्या, म्हणजे पाय दुखत नाहीत. मोठा पिंजरा. हे सगळं बाईंना जमण्यासारखं होतं. जुन्या खिडक्यांच्या जाळ्या आणून फॅब्रिकेशनवाल्या सत्तारभाईंनी दोन दिवसांत कपाटाएवढा पिंजरा जोडून दिला, आणि कोपरे घासून गुळगुळीत करून दिले. अडचण यादीतल्या शेवटच्या दोन ओळींची होती. पोपटाची फुप्फुसं नाजूक असतात, त्याला धूळ चालत नाही. आणि मोठा आवाज चालत नाही.

पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईच्या घरात धूळ आणि आवाज यांखेरीज होतं काय? सगळ्या घरात पीठ पोचत नाही अशी जागा एकच होती, वैष्णवीची मागची खोली. केसरबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. सुरजचं लग्न झाल्यापासून त्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. पाव्हण्याला इथं ठेवू का, असं त्यांनी विचारलं. वैष्णवीनं मशीन थोडी सरकवली आणि खिडकीजवळ जागा करून दिली.

पहिले चार दिवस पाव्हणा खाईना. कोपऱ्यात अंग आक्रसून बसायचा. वैष्णवीनं एक गोष्ट लवकर हेरली. मशीन चालू असली की तो मान वर करायचा, त्या टकटकीचं त्याला काही वाटत नव्हतं. पण तिनं कात्री हातात घेतली की जाळीवर आपटू लागायचा. पंख कसे कापले गेले असतील हे त्यावरून कळलं. तिनं कापड बेतायचं काम खोलीतून बंद केलं. गिरणीच्या ओट्यावर चटई टाकून, दळणाच्या डब्यांच्या रांगेशेजारी बसून ती ब्लाऊज कापू लागली. अशा रीतीनं दोन वर्षांत पहिल्यांदा सासू आणि सून दिवसातला तासभर एका जागी बसू लागल्या.

दुसरी गोष्ट तिनं हेरली, पण सांगायची कशी हे तिला कळेना. सासू दारात येऊन "खाल्लं का पाव्हण्यानं?" म्हणाली की पाव्हण्याच्या चोचीतला दाणा खाली पडायचा आणि पुढचा तासभर तो हलायचा नाही. शेवटी तिनं डॉक्टरांनाच सांगायला लावलं. जिनत डॉक्टर पाहायला आल्या, बाईंचं बोलणं आणि पोपटाचं थिजणं दोन्ही त्यांनी पाहिलं, आणि सरळ म्हणाल्या की याला बरं करायचं असेल तर तुम्हाला हळू बोलावं लागेल.

केसरबाईंना ते पटलं. जमेना मात्र. हळू बोलायचं म्हणजे आवाजाचं नेमकं काय करायचं, हेच त्यांना माहीत नव्हतं. आवाज कमी केला की तो बंदच व्हायचा, नुसते ओठ हलायचे. मग वैष्णवी त्यांना शिकवू लागली. दुपारी गिरणी बंद असताना दोघी मागच्या खोलीत बसायच्या. वैष्णवी म्हणायची, आता मला ऐकू येईल इतकंच बोला, भिंतीला नको. केसरबाई बोलायच्या. वैष्णवी हातानं खाली, अजून खाली अशी खूण करायची. पंधरा दिवसांत त्यांना एक वाक्य अखेरपर्यंत हळू म्हणता येऊ लागलं. पाव्हण्यानं पेरूची फोड त्यांच्या हातून घेतली तो दिवस एकादशीचा होता. आनंदाच्या भरात बाई उपास विसरून भाकरी खाऊन बसल्या.

अंगात बळ आल्यावर पाव्हणा बोलू लागला. त्याला एकच वाक्य येत होतं. बियाणांच्या कंपनीचा माणूस दिवसभर दुकानदारांशी फोनवर जे बोलायचा ते: "हॅलो, बोला सर, उद्या नक्की." हुबेहूब पुरुषी आवाज. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याच्या बोलण्याला दाद देऊ नका, म्हणजे विसरेल. पण गिऱ्हाइकांना हे कोण सांगणार? बाया वैष्णवीला विचारायच्या, ब्लाऊज कधी मिळेल, आणि पडद्यामागून उत्तर यायचं, उद्या नक्की. दोघी-तिघी खरंच दुसऱ्या दिवशी येऊन दारात उभ्या राहिल्या.

त्याच्या करमणुकीसाठी वैष्णवी त्याला दाणे काढलेली मक्याची बिट्टी, सुतळीचे तुकडे, डहाळ्या द्यायची. छातीची पिसं उपटणं त्यामुळे थांबलं. पण चोचीला सवय लागली. एक दिवस पिंजरा साफ करताना तो बाहेर होता, खुर्चीच्या पाठीवर. वैष्णवी पाणी आणायला गेली तेवढ्यात त्यानं सुंदरबाईंच्या मुलीच्या लग्नाचा ब्लाऊज गाठला. जरीचा काठ चोचीच्या कातरणीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुरतडला. सहा हूक उपटून रांगेत जमिनीवर टाकले. लग्न आठ दिवसांवर.

वैष्णवी रडकुंडीला आली. सुंदरबाई गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होत्या. केसरबाई म्हणाल्या की तू थांब, मी जाते. ब्लाऊज पदराखाली घेऊन त्या सुंदरबाईंच्या घरी गेल्या. एव्हाना त्यांना हळू बोलायची सवय लागली होती आणि बातमी वाईट असल्यामुळे आवाज आणखीच खाली गेला. त्या दारात उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "सुंदरबाई, जरा बसता का? तुमाला एक सांगायचं हाय."

सुंदरबाईंनी केसरबाईंना आयुष्यात कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या हातातली परात खाली पडली. कोण गेलं, असं विचारत त्या मटकन खाली बसल्या आणि पोरीचं नाव घेऊन रडूच लागल्या. घरातली माणसं धावत आली. कुणी पाणी आणलं, कुणी नवऱ्या मुलाकडच्यांना फोन लावायला निघालं. सगळ्यांना शांत करून, पदराखालून ब्लाऊज काढून दाखवेपर्यंत केसरबाईंना घाम फुटला. कुणी मेलेलं नाही, पोपटानं काठ खाल्लाय, एवढं कळल्यावर सुंदरबाईंना इतकं हायसं वाटलं की त्यांनी केसरबाईंना चहा पाजून पाठवलं. तसाच काठ आंबाजोगाईहून आणून वैष्णवीनं तीन दिवसांत नवा ब्लाऊज शिवला. लग्नात सुंदरबाई प्रत्येकाला ती गोष्ट सांगत होत्या.

घरी येऊन केसरबाईंनी ही हकिकत सांगितली तेव्हा वैष्णवी हसून हसून मशीनवर कपाळ टेकून बसली. सासूसमोर ती अशी कधी हसली नव्हती. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू? तुम्ही माझ्यावर कधी चिडला होता का?"

"कधी?"

"सगळ्याच वेळी. मी आले तेव्हापासून. तुम्ही चहा झाला का म्हणायच्या, तरी मला वाटायचं माझं काहीतरी चुकलं. म्हणून मी खोलीत बसायची."

केसरबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. दोन वर्षं ही पोर आपल्याला भिऊन दार लोटून बसत होती आणि आपण समजत होतो की शहरातली आहे, तिला आपली माणसं आवडत नाहीत. "मी एकदाबी चिडले न्हाई गं," त्या म्हणाल्या. "मला तर लई वाटायचं, तू येऊन बसावं ओट्यावर."

पावसाळा लागता लागता आणखी एक गोष्ट घडली. पाव्हणा आता रमला होता. दिवस मावळताना तो एका पायावर बसून चोच घासायचा; वरची चोच खालच्या चोचीवर घासून बारीक करकर आवाज काढायचा. पोपट सुखात असला की झोपायच्या आधी असं करतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वैष्णवी सासूला हळूच हाक मारून म्हणाली, ऐका, ऐका. केसरबाई पिंजऱ्याशी कान नेऊन उभ्या राहिल्या. चोच हलताना दिसत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. त्या "हं, छान करतोय" म्हणाल्या आणि वळल्या.

पण वैष्णवीनं त्यांचा चेहरा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तिनं विषय काढला. सुरज गेली पाच वर्षं आईला कान तपासायला चल म्हणत होता आणि आई प्रत्येक वेळी उडवून लावत होती. म्हाताऱ्या माणसांना मशीन लागतं, मला काय धाड भरलीय, वगैरे. या वेळी त्यांनी एकदम नकार दिला नाही. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, की मशीन लावल्यावर पाव्हण्याचं ते करकर ऐकू येतं का. वैष्णवी म्हणाली येईल. मग जाऊ, म्हणाल्या.

आंबाजोगाईच्या दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कान बरेच गेलेले होते. गिरणीच्या आवाजानं, हळूहळू, इतकी वर्षं. दुसऱ्या खेपेला मशीन बसवून दोघी एसटीनं परत निघाल्या. गाडीत बसल्यावर केसरबाई सारखा हात वर-खाली करून पाहत होत्या. वैष्णवीनं काय झालं म्हणून विचारलं.

"माझ्या बांगड्या वाजतेत," त्या म्हणाल्या.

आपला आवाजही त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकला. घरी येऊन सवयीनं शेजारणीला हाक मारली आणि स्वतःच दचकून मागं सरल्या. मी असंच बोलत होते का, असं त्यांनी सुनेला विचारलं. वैष्णवीनं खरं सांगावं का खोटं, या विचारात उत्तर द्यायला उशीर केला, त्यातच उत्तर आलं. दिवस मावळताना त्या मागच्या खोलीत स्टूल घेऊन बसल्या. पाव्हण्यानं एक पाय वर घेतला, डोळे अर्धे मिटले आणि चोच घासायला सुरुवात केली. केसरबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. ज्वारी दळताना पहिले चार दाणे दगडात जातात तेव्हा असाच आवाज येतो, असं त्या मला पुढं एकदा सांगत होत्या. गिरणी चालवताना त्या आता कानाला जाड हेडफोनसारखं झाकण लावतात. ते सुरजनं कंपनीतल्यासारखं आणून दिलंय.

श्रावणापासून पाव्हण्याची जुनी पिसं गळू लागली. रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी दोन-चार हिरवी काटकुळी पिसं पडलेली असायची, कापलेल्या टोकांची. त्यांच्या जागी नवी आली, लांब, तकतकीत. गळ्यावर आधी एक सावली दिसली, मग काळी-गुलाबी रेघ. नर निघाला. जिनत डॉक्टरांनी खोलीच्या खिडक्यांना जाळी मारून घ्यायला सांगितलं आणि रोज थोडा वेळ त्याला खोलीत उडवायला लावलं. सुरुवातीला तो मशीनपासून पलंगापर्यंत जाऊन धापा टाकायचा. दसऱ्यापर्यंत चार भिंतींना वळसे घालू लागला. माणसांचं वाक्य कमी झालं, ओरडणं वाढलं. डॉक्टरांना तेच हवं होतं.

दिवाळीत सुरज आला तो खोली मिळाल्याची बातमी घेऊन. चाकणला दोन खोल्या, पाणी चोवीस तास. वैष्णवीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की पाव्हणा गेल्यावर येईन. सुरज आईकडं पाहू लागला. आईनं मान वळवून पणतीत तेल घातलं.

पिंजरा अंगणात शेवग्याखाली आणून ठेवला. रानातले पोपट सकाळ-संध्याकाळ थव्यानं वरून जायचे, कधी शेवग्यावर उतरायचे. तीन आठवडे पाव्हणा त्यांना पाहत होता, उत्तर देत होता. मग एका सकाळी अभिमन्यू आणि डॉक्टर आले आणि केसरबाईंना पिंजऱ्याचं दार उघडायला सांगितलं. दार उघडल्यावर काहीच झालं नाही. पाव्हणा दाराच्या चौकटीवर येऊन बसला आणि दोन तास बसून राहिला. डॉक्टरांना दवाखान्यात जायचं होतं, त्या गेल्या. अभिमन्यूंनी चहा घेतला, तेही गेले. दुपारी कुणाचंच लक्ष नसताना तो शेवग्यावर गेला. उतरताना फांदी चुकली, पानांत धडपडला, सावरला. पुढचे तीन दिवस तो पाण्याच्या टाकीवर, शेवग्यावर, मारुतीच्या कळसावर दिसायचा आणि संध्याकाळी पिंजऱ्याच्या छपरावर ठेवलेला पेरू खायला यायचा. चौथ्या दिवशी सकाळी थवा उतरला, उठला, तेव्हा शेवगा रिकामा होता.

वैष्णवी अंगणात उभी राहून रडली. केसरबाई गिरणीत गेल्या. त्या दिवशी त्यांनी कुणाच्या तरी बाजरीत दुसऱ्याचा गहू दळला. अठ्ठावीस वर्षांत असं झालं नव्हतं. दोन्ही घरांनी तक्रार न करता भाकरी-चपातीच्या मधलं काहीतरी करून खाल्लं. थवे अजूनही शेवग्यावर येतात. त्यातला पाव्हणा कोणता हे कुणालाच ओळखता येत नाही. अभिमन्यू म्हणतात, ओळखता येत नाही हेच चांगलं लक्षण.

संक्रांतीनंतर वैष्णवी चाकणला गेली. जाताना मशीन नेली, चटई ओट्यावरच ठेवली. रोज दुपारी गिरणी बंद झाली की सासू-सुनेचा फोन असतो, पाऊण-पाऊण तास. सुरज तक्रार करतो की मला दोन मिनिटांत कटवतात. आणि केसरबाई फोनवर काय बोलतात हे आता शेजारणीलाही कळत नाही, याचं गल्लीत थोडं दुःख आहे.

चैत्रात अभिमन्यूंचा फोन आला. बाजारात विकायला आणलेली पोपटाची दोन पिल्लं पकडली होती. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पिसं नाहीत. जिनत डॉक्टर म्हणाल्या होत्या की आपल्या भागात एकच घर आहे जिथं ती जगतील. केसरबाईंनी आधी चाकणला फोन लावला, कारण खोली वैष्णवीची. तिनं कोणता कोपरा वाऱ्यापासून आडोशाचा आहे ते सांगितलं, आणि केसरबाईंनी डॉक्टरांकडून यादी लिहून घेतली. दर तीन तासांनी कोमट पातळ खाऊ, चमच्यानं, घाई न करता.

परवा मी ज्वारीचा डबा घेऊन गेलो. गिरणी बंद होती आणि दाराला पाटी अडकवलेली होती: पिल्लांचं जेवण चालू आहे, थांबावे. ओट्यावर आधीच सहा जण डबे घेऊन बसले होते, आणि सगळे हळू बोलत होते. चटईवर सरकून त्यांनी मला जागा दिली.